नाना गेले. पण रणगाडे त्यांनी उडवले नव्हते

द्राक्षमळा (धागाकर्ता)
रविवार, रात्री १०:१२

मंडळी, आमचे नाना, म्हणजे माझे सख्खे चुलते, गेले. वय ऐंशीच्या पुढं. आज दहावा झाला. कादवेच्या घाटावर आधी प्रवचन, मग श्रद्धांजलीची भाषणं. निफाड तालुक्यात दहाव्याला भाषणं झाली नाहीत तर माणूस गेला असं कुणी धरतच नाही, त्यामुळे सात जण बोलले. चौथ्यानं सांगितलं की नानांनी पाकिस्तानचे तीन रणगाडे उडवले. पाचव्यानं पाच केले. पुढचं मी मोजलं नाही. काकू माझ्या बाजूलाच बसल्या होत्या, पदर तोंडाशी धरून हळूच म्हणाल्या, "यांनी जन्मात ट्रॅक्टर सोडून काय चालवलं न्हाई, आन् उडवलं तर मुळीच न्हाई."

म्हणून रात्री लिहायला बसलो. आत्ताच लिहून ठेवलं नाही तर वर्षश्राद्धापर्यंत नाना विमानं पाडायला लागतील.

चीनच्या लढाईनंतर जोरात भरती निघाली, तेव्हा नाना घरी न सांगता गेले. बेळगावला मराठा सेंटरात ट्रेनिंग आणि नंतर पहिली मराठा, म्हणजे जंगी पलटण. १९७१ ला त्यांची ब्रिगेड मेघालयाच्या बाजूनं पूर्व पाकिस्तानात उतरली. ब्रह्मपुत्रा ओलांडून ही पलटण जमालपूरच्या पाठीमागं टांगाइलकडे जाणाऱ्या रस्त्यावर जाऊन बसली. १० डिसेंबरच्या रात्री जमालपूरची फौज ठाणं सोडून त्याच रस्त्यानं निसटायला निघाली ती थेट यांच्या अंगावर आली. हे सगळं मी वाचलेलं. नानांच्या तोंडून त्या रात्रीबद्दल एवढंच ऐकलंय: "रात्रभर मॅगझिना भरल्या. बोटांची सालपटं निघाली. भाताच्या खाचरात चिखल फार होता."

ते एलएमजीचे, म्हणजे हलक्या मशीनगनचे, नंबर दोन होते, म्हणजे गोळीबार करणाऱ्याच्या शेजारी पडून मॅगझिन बदलून देणारा. नंबर एक जखमी झाल्यावर गन यांनी चालवली आणि उजाडायच्या आत त्या गड्याला पाठीवर घेऊन मागं डॉक्टरांपर्यंत पोचवलं. सेना मेडल मिळालं ते यासाठी. हे मी कॉलेजात असताना ट्रंकेतल्या कागदावर वाचलं. नानांना विचारलं तर म्हणाले, "बेळगावकडचा होता तो. वजनाला हलका होता."

बाकी उद्या. सकाळी बागेत फवारणी आहे.

गोदाकाठ
रविवार, रात्री १०:४०

भावपूर्ण श्रद्धांजली. "वजनाला हलका होता" वाचून थांबलोच. युद्धाचं सगळेच लिहितात हो, फौजेतून आल्यावर त्यांनी शेती कशी केली तेही लिहा. माझ्या आजोळी मोहाडीला एक फौजी मामा होते, ते बैलांनासुद्धा हिंदीत बोलायचे.

तोफची
सोमवार, सकाळी ६:०५

धागाकर्त्या बाळा, नानांना माझा सॅल्यूट. मी तोफखान्यातला. नाशिकरोडच्या सेंटरमधून रिटायर झालो आणि इथंच घर केलं.

रणगाड्यांचा घोळ कुठून आला असेल ते सांगतो. जीपवरच्या आरसीएल (रणगाडे फोडायच्या) गननं एकामागून एक रणगाडे फोडले ते अब्दुल हमीद यांनी. सप्टेंबर १९६५, खेमकरणजवळ असल उत्तरची लढाई, चौथी ग्रेनेडियर्स, मरणोत्तर परमवीरचक्र. शाळेत प्रत्येकानं हा धडा ऐकलेला असतो, आणि भाषण करणाऱ्याला फौजी म्हटला की तीच एक गोष्ट आठवते. एकाहत्तरला रणगाड्यांची मोठी झुंज झाली ती पश्चिमेला, बसंतर नदीवर. जमालपूर ही पायदळाची रात्र. खाचरं, बांध, अंधार आणि समोरून चालत येणारी माणसं. अशा रात्री एलएमजीचा नंबर दोन काय असतो ते आम्हा लोकांना विचारा. मॅगझिन संपलं आणि दुसरं हातात नसलं, की पुढची गन असून नसल्यासारखी.

जमालपूरची एक गोष्ट पलटणीत सगळ्यांना पाठ असते. आपल्या बाजूचे ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी ९ डिसेंबरला एका वयस्कर बंगाली माणसाच्या हाती पत्र पाठवलं, तुम्हाला वेढा पडलाय, शरण या. समोर पाकिस्तानच्या ३१ बलूच पलटणीचे कर्नल सुलतान अहमद. त्यांनी उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली आणि लिहिलं की लेखणी छान चालवता, पुढच्या भेटीत हातात स्टेनगन असू द्या. शत्रू झाला तरी उत्तर फौजीला शोभणारं होतं, हे मान्य करायला हवं. दुसऱ्या रात्री काय झालं ते नानांच्या बोटांना माहीत.

आणि ११ तारखेला दुपारी टांगाइलला विमानातून छत्रीनं उतरली ती दुसरी पॅरा, म्हणजे मूळची मराठ्यांचीच पलटण. ढाक्यात पहिल्यांदा शिरली तीही हीच.

संगमनेरी
सोमवार, सकाळी ९:३०

तोफची काका, यात एक भर घालतो, कारण विषय आमच्या गावाकडचा आहे. याच जंगी पलटणीतले शिपाई नामदेव जाधव, गाव निमज, तालुका संगमनेर. व्हिक्टोरिया क्रॉस. ९ एप्रिल १९४५, इटलीत सेनिओ नदी. ते कंपनी कमांडरचे रनर, म्हणजे निरोप्या, होते. नदी ओलांडताना पुढची तुकडी जवळजवळ सगळी पडली. नामदेवरावांनी दोन जखमींना एकामागून एक पाण्यातून, उभ्या काठावरून, सुरुंग पेरलेल्या जागेतून मागं नेलं. मग एकटेच परत जाऊन मशीनगनची ठाणी गप्प केली. हाताला गोळी लागल्यावर टॉमीगन टाकून बॉम्ब फेकले आणि शेवटी बांधावर उभं राहून शिवाजी महाराजांची गर्जना करत बाकीच्यांना पलीकडं बोलावलं.

तीच पलटण, नदी ओलांडणं तेच, जखमीला पाठीवर आणणंही तेच. मध्ये सव्वीस वर्षं. नानांनी भरती झाल्यावर ही गोष्ट ऐकली असणारच, पलटणीत ती पहिल्या महिन्यात सांगतात.

द्राक्षमळा
सोमवार, रात्री ९:५०

संगमनेरी, अंगावर काटा आला. नानांच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून एक कात्रण चिकटवलेलं आहे. पिवळं पडलेलं, फेट्यातला माणूस. कोण म्हणून मी कधी विचारलंच नाही. उद्या बघतो.

गोदाकाठ, शेतीचं. नाना हवालदार होऊन घरी आले तेव्हा आमच्याकडं ऊस आणि गहू होता. त्यांनी हाती आलेल्या पैशातून विहीर खोल केली आणि अर्ध्या एकरात थॉमसन जातीची द्राक्षं लावली. दगडी खांब, तारांचा मांडव. गावानं हसून घेतलं. पहिली दोन वर्षं केवड्यानं धुतली, म्हणजे डाऊनी हो, तेव्हा आम्ही केवडाच म्हणायचो. तिसऱ्या वर्षी माल लागला.

त्यांची कात्री मला अजून दिसते. ऑक्टोबर छाटणीच्या आदल्या संध्याकाळी ओट्यावर गोणपाट अंथरायचे, दहा-बारा कात्र्या ओळीनं मांडायच्या, प्रत्येकीचा स्क्रू काढायचा, पातं दगडावर फिरवायचं, मग फडक्याच्या मोजून कापलेल्या चिंधीला तेल लावून पुसायचं. चिंधी चार बोटं बाय दोन बोटं, जास्त नाही. मी मोठी कापली तर परत द्यायचे. पुसून झाली की कात्री उजेडात धरून एक डोळा मिटून बघायचे. कात्रीला नळी नसते, बघायचे काय कुणास ठाऊक. पण बघितल्याशिवाय ठेवायचे नाहीत.

शंकासुर
सोमवार, रात्री १०:१५

माणूस गेला की सगळे देव होतात. काही खोड होती की नाही? रागावू नका, तुम्हीच म्हणालात खरं लिहायचंय.

द्राक्षमळा
सोमवार, रात्री ११:३०

रागावत नाही. बरं झालं विचारलंत.

नानांचा आणि माझ्या वडिलांचा बांधावरून दावा होता. सख्खे भाऊ, दीड हात बांध, अकरा वर्षं कोर्ट. मोजणी दोनदा झाली, दोन्हीदा वेगळी आली. दोघं बोलत नव्हते. आमच्या आईनं काकूंकडं विरजण मागायचं तर आम्हा पोरांना पाठवायचं. नाना हट्टी होते, आणि चुकलो हे शब्द त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकले नाहीत. मजुरांवर ओरडायचे. सकाळी सातला म्हणजे सातला. सात पाचला आलेल्या माणसाला "नफरी पूर्ण झाली" (फौजी भाषेत माणसांची संख्या) म्हणून परत पाठवायचे, मग दिवसभर माणूस कमी म्हणून स्वतः चिडचिड करायचे.

आता त्याच काळातली एक रात्र. निफाडच्या थंडीची बातमी दरवर्षी येते, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा इतका उतरला म्हणून. तुम्ही चहा पिता पिता वाचता. आमच्या पोटात गोळा येतो. मण्यांत पाणी उतरलेलं असताना पारा फार खाली गेला की मणी तडकतात, आणि तडकलेला माल कुणी हात लावत नाही. मग पहाटे बागेत जागोजाग ओला पाला, भुसा, काड्या पेटवून धूर धरायचा आणि विहिरीचं पाणी सोडायचं, कारण त्या वेळी विहिरीचं पाणी हवेपेक्षा ऊबदार असतं.

मी आठवीत होतो. वडील नाशिकला दवाखान्यात ॲडमिट, आई त्यांच्याजवळ, घरी मी आणि आजी. पहाटे धुराच्या वासानं जाग आली. बाहेर आलो तर आमच्या बागेत, आमच्या, सात-आठ ठिकाणी शेकोट्या लागलेल्या. आणि कानटोपी, फौजेतला जाड कोट घातलेला माणूस एका ओळीतून दुसऱ्या ओळीत पाचुंदे टाकत चाललेला. मला बघून थांबले. म्हणाले, "वारं तुमच्याकडून माझ्याकडं आहे. म्हटलं, इथूनच पेटवावं." आणि निघून गेले. मला तेव्हा ते खरंच वाटलं. वारा बिलकूल नव्हता, हे मोठेपणी लक्षात आलं. वारा असता तर तेवढी थंडी पडलीच नसती.

पुढच्या तारखेला नाना कोर्टात वेळेवर हजर. आमच्याच विरोधात.

शंकासुर
सोमवार, रात्री ११:४१

🙏 प्रश्न मागे घेत नाही, पण उत्तर जपून ठेवतो.

तोफची
मंगळवार, सकाळी ५:५०

पहाटेची ती वेळ फौजेत "स्टँड टू"ची. हल्ला बहुतेक झुंजूमुंजूच्या आधी येतो, म्हणून त्या वेळी मोर्चातला प्रत्येक माणूस हत्यार घेऊन आपल्या जागी. रिटायर होऊन किती वर्षं झाली तरी साडेचारला डोळे उघडतातच. माझी बायको म्हणते, घड्याळ तरी बंद पडतं. नानांना शेकोट्यांसाठी कुणी उठवायची गरज पडली नसणार.

छाटणीवाला
मंगळवार, दुपारी १:२०

श्रद्धांजली. एक विचारू का, नाना नोंदी ठेवायचे का? जुन्या लोकांच्या फवारणीच्या वह्या म्हणजे सोनं असतं. आमच्याकडं दिंडोरीला यंदा फुलोऱ्यात पाऊस सापडला, घडांची पार कुजवण झाली.

द्राक्षमळा
मंगळवार, रात्री ९:१५

वह्या आहेत, एकोणतीस. कपाटात वर्षवार. वाचायला मात्र फौजी लागतो. नमुना देतो: "०७ ऑक्टो. ०६३० छाटणी सुरू. नफरी १४. एक गैरहजर, ताप. १८०० पर्यंत १९ ओळी. आकाश साफ." बोर्डोचं (मोरचूद-चुन्याच्या औषधाचं) प्रमाण, जीएच्या डिपिंगची (घड संजीवकात बुडवायची) तारीख, विरळणीला किती बाया, सगळं. आणि शेवटच्या रकान्यात शत्रू. हो, रकान्याचं नावच "शत्रू". त्यात भुरी, केवडा, मिलीबग, आणि एका वर्षी एका व्यापाऱ्याचं नाव.

तो व्यापारी दोन गाड्या माल घेऊन गेला तो गेलाच. नाना पावत्यांचं बाड घेऊन त्याच्या राज्यात तीनदा जाऊन आले. एक रुपया आला नाही. मी म्हटलं होतं, मेडल लावून जायचं ना, निदान पोलीस तरी ऐकतील. म्हणाले, "ते लावून उधारी मागत नाहीत."

२०१४ च्या गारपिटीचं पानही आहे. त्या दिवशी वेळ लिहिलेली नाही. फक्त "सर्व गेले." आणि खाली चार दिवसांनी, "०७०० खरड छाटणीची तयारी. कात्र्या १२."

छाटणीवाला, फोटो काढून पाठवतो. औषधं आता बदललीत, पण पावसाच्या तारखा तुम्हाला कामी येतील.

माहेरवाशीण
मंगळवार, रात्री १०:०५

मी तुमच्याच गावची, आता सिडकोत राहते. ओळखलं असेल तर नाव लिहू नका. आम्ही सात-आठ मुली पिंपळगावला कॉलेजला जायचो. एसटी स्टँडवर पोरं त्रास द्यायची. नाना रोज सकाळी दुधाची किटली घेऊन तिथं यायचे आणि पारावर बसायचे. कुणाला काही बोलले नाहीत. फक्त आम्ही गाडीत चढताना मोठ्यानं मोजायचे. एक, दोन, तीन. संध्याकाळच्या गाडीलाही मोजायचे. एकदा मी पाच वाजताच्या गाडीनं आले नाही, मैत्रिणीकडं थांबले, तर रात्री आठला आमच्या दारात कंदील. वडिलांना म्हणाले, "एक कमी आहे."

तेव्हा मला खूप राग आला होता. काकू कशा आहेत?

द्राक्षमळा
बुधवार, रात्री ९:३०

काकू बऱ्या आहेत. तुमचं वाचून दाखवलं तर हसल्या, म्हणाल्या, दूध रोज उशिरा यायचं ते यामुळं होय.

आज त्यांना मेडलबद्दल विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं:

"बहात्तरचा दुष्काळ. तवा आपल्या शिवारात पाटाचं पाणी नव्हतं. मी खडीवर जायची, दुष्काळी कामावर. खायला ती लाल मिलो ज्वारी. पोस्टमनदादानं तिथंच कागद आणून दिला. मला वाचता येत न्हाई, म्हटलं झालं, गेले. हातोडी टाकली आन् पळत मास्तरांच्या घरी. मास्तर म्हणाले, अगं रडू नको, मेडल दिलंय सरकारनं. मी म्हटलं, ते आहेत का? म्हणाले, आहेत. मग माघारी आले तर मुकादमानं अर्धा खाडा मांडलेला. सुटीवर आले तवा मी पयला खाडाच सांगितला, मेडलचं मागून."

हे ऐकल्यावर एक जुनं कोडं सुटलं. नानांचा मजुरांवर एवढा कडक कायदा, पण एखादी बाई दुपारी निरोप आला म्हणून घरी गेली तर तिची हजेरी पूर्ण लागायची. वहीतसुद्धा. सात पाचला येणाऱ्याला माफी नाही, आणि हिला पूर्ण. आम्ही पोरं म्हणायचो, नानांचा हिशेब फौजेतच चुकला.

आणि संगमनेरी, ट्रंक उघडली. कात्रण नामदेव जाधवांचंच आहे.

जुनीट्रंक
बुधवार, रात्री १०:२०

मेडल कसं ठेवलंय? माझ्या आजोबांची पदकं आम्ही हौसेनं ब्रासोनं घासली आणि कडेवरची अक्षरं पुसट झाली. आपल्याकडं पदकाच्या कडेला नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं असतं, तोच त्याचा दाखला. घासू नका. मऊ कोरडं कापड पुरे. फीत उन्हात ठेवली तर रंग उडतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत तर नकोच, पावसाळ्यात आत दमट होतं.

द्राक्षमळा
बुधवार, रात्री १०:४५

धन्यवाद. सेना मेडलवर पुढं उभी संगीन, मागं जवान, लाल फितीत मधोमध पांढरी रेघ. ते आणि 'पूर्वी स्टार' (एकाहत्तरच्या पूर्व आघाडीचं पदक), दोन्ही चुन्याच्या डबीत, कापसावर. काकूंनी ठेवलेत. तुम्ही म्हणता तसेच ठेवलेत म्हणजे.

द्राक्षमळा
पुढचा सोमवार, रात्री ९:००

शेवटचं अपडेट. तरुण मंडळानं चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचं ठरवलं. डिझाइन मोबाइलवर आलं तर नानांच्या मागं भला मोठा रणगाडा. मी हा धागा दाखवला. जमालपूर, खाचरं, एलएमजी, सगळं समजावलं. पोरं चांगली आहेत, ऐकून घेतलं. मी नानांचा मांडवाखालचा फोटो दिला, पाठीवर फवारणीचा पंप, हातात कात्री.

आज फ्लेक्स लागला. रणगाडा काढलाय. फोटो मी दिलेलाच आहे. पण मागं मोकळं दिसत होतं म्हणून फ्लेक्सवाल्यानं आकाशात सुखोई टाकलंय. म्हणाला, आपल्या ओझरलाच बनतं ना.